तीन वेळा मोजलेला रक्तदाब

गल्लीत तिला सगळे पॉलिसीमावशी म्हणायचे. बावीस वर्षं विम्याची एजंट, पायाला भिंगरी, आणि नकार ऐकूनच घ्यायचा नाही असा खाक्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या ती दोन वर्षं मागे लागली होती, तेव्हा कुठे त्याने अर्जावर सही केली. गडी पंचेचाळिशीचा, एकटा, सडसडीत. आठव्या मजल्यावर दोराला लोंबकळत शीळ घालणारा. त्याची वैद्यकीय तपासणी म्हणजे नुसता सोपस्कार, असं मावशी धरून चालली होती.

लॅबचा रिपोर्ट आला तो रक्तदाब एकशे पासष्ट असल्याचा. कंपनीने पुन्हा तपासायला सांगितलं, तर एकशे सत्तर. मावशी चक्रावली. तिने त्याला घरी बोलावून स्वतःच्या यंत्रावर मोजला, तर एकशे वीस. यंत्र बिघडलं असेल म्हणून नवऱ्याचा मोजला, तो नेहमीइतकाच भरला. कंपनीने शेवटची संधी दिली, तेव्हा मावशी स्वतः त्याच्याबरोबर लॅबमध्ये जाऊन बसली.

खोली इवलीशी. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात नमुन्यांचा फ्रिज. तपासणाऱ्या बाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी मेकॅनिकच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि सहज विचारलं, जेवण झालं का. त्याने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं. कान लालबुंद, नजर पंख्यावर. मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हसू दाबायला ती पर्समध्ये उगाच पेन शोधू लागली.

आकडा आला एकशे बहात्तर. बाईंचा चेहरा उतरला. तिन्ही वेळा असं यावं म्हणजे आपलंच काही चुकतंय, इतक्या वर्षांत एक तक्रार नव्हती, असं त्या पुटपुटल्या. मावशीची पंचाईत झाली. बोलावं तर त्याची फजिती, गप्प बसावं तर बाईंच्या कामावर ठपका. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्याने स्वतःच पट्टा सोडला. "तुमचं काही चुकत नाही," तो म्हणाला. "तुम्ही जवळ आलात की असं होतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याला नीट न्याहाळलं.

"तरीच. शेजारच्या इमारतीची लिफ्ट तुम्ही महिन्यातून एकदा तपासता आणि आमची दर सोमवारी."

"सोमवारी तुमची सकाळची पाळी असते."

बाई हसायला लागल्या, आणि मग त्यांना थांबताच येईना. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून त्यांनी रक्तदाब त्यांच्याकडून मोजून घेतला. एकशे चोवीस. कागदावर शिक्का मारताना त्यांनी वर न बघता सांगितलं, "येत्या सोमवारी पाळी संपल्यावर या. अवजारांची पेटी घरी ठेवून."

त्या संध्याकाळी मावशीने आणखी कुणाकडेही पॉलिसीचं नाव काढलं नाही. घरी जाऊन तिने नवऱ्याला ही हकीकत दोनदा सांगितली.

वर्षभरात दोघं जोडीने तिच्याकडे आले. पॉलिसीवर वारसदार म्हणून बहिणीचं नाव होतं, ते बदलायचं होतं. नात्याच्या रकान्यात त्याने 'बायको' हा शब्द इतका मोठा लिहिला, की तो चौकटीबाहेर जाऊन सहीच्या जागेवर चढला. मावशीने हसत दुसरा फॉर्म काढला.