कोणी विचारू नये अशी पिशवी

बाबा शिंपी होते, आणि शेवटची तीन वर्षं ते किडनीच्या एका औषधाच्या अभ्यासात होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला लघवीच्या कॅनमुळे.

अभ्यास असा होता. किडनी हळूहळू थकत चाललेली काही शे माणसं घ्यायची. अर्ध्यांना नवी गोळी द्यायची, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली मिळतेय हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना. ते संगणकात बंद. नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं आणि एका अख्ख्या दिवसाची लघवी कॅनमध्ये साठवून आणायची. सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंतची सगळी कॅनमध्ये. मध्ये एकदा जरी चुकली, तरी हिशेब बिघडतो.

"म्हणजे मी गिनिपिग," बाबा घरी येऊन म्हणाले.

"गिनिपिग गप्प बसतो," आई म्हणाली.

कॅन पांढरा, रुंद तोंडाचा, कडेला आकडे छापलेला होता आणि आत काय आहे ते बाहेरून स्वच्छ दिसायचं. बाबांना तो बसमधून नेणं मान्य नव्हतं. लाज लघवीची नव्हती. "उघडा माल रस्त्यातून न्यायचा नसतो," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी कोटाच्या उरलेल्या किरमिजी अस्तराची पिशवी शिवली. आतून जाड कापड, कॅन थंड राहावा म्हणून बर्फाच्या पाकिटाला खिसा, तोंडाला नाडी. नाडीच्या टोकांना दोन गोंडेसुद्धा लावले. शिवायला बसले की त्यांचा हात आखडत नसे.

पिशवी इतकी देखणी झाली की तिनेच घात केला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या निवृत्तीचा समारंभ नेमका कॅनच्या दिवशी आला. बाबा पिशवी घेऊनच गेले आणि जेवताना ती त्यांनी खुर्चीखाली ठेवली. हात धुऊन येतात तो पिशवी गायब. कुणा तत्पर माणसाने ती उचलून भेटवस्तूंच्या टेबलावर नेऊन ठेवली होती, फुलदाणी आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्ये. बाबा ती घ्यायला गेले, तर सत्कारमूर्तींची सून आडवी आली.

"अहो काका, परत काय घेताय? असू दे, असू दे!"

"ही तुमच्यासाठी नाहीये."

"त्यात संकोच कसला? एवढं प्रेमानं आणलंत ना?"

"प्रेमानं गोळा केलंय खरं," बाबा म्हणाले, "पण ते दुसरीकडे द्यायचं कबूल केलंय."

हा किस्सा त्यांनी रुग्णालयाच्या अभ्यास-कक्षात असा काही रंगवून सांगितला की तिथलं सगळं कामकाज बघणाऱ्या सिस्टरला हसून हसून ठसका लागला. वाट बघत बसलेल्यांपैकी एकेकजण मग हळूच विचारू लागला, "मास्तर, आमच्या कॅनचं काही बघता का?" बाबा एकेकाचं बघत गेले. पण समारंभानंतर त्यांचा नियम ठरला होता. पिशवी अशी हवी की कोणी विचारू नये आणि कोणी उचलू नये. त्यामुळे इतरांच्या पिशव्या राखी, मातकट, शेवाळी. स्वतःची मात्र त्यांनी किरमिजीच ठेवली. पिशव्या आल्यापासून माणसं कॅन घेऊन घराबाहेर पडायला लागली आणि कॅन पूर्ण भरून येऊ लागले, असं सिस्टर सांगायची.

अभ्यासाची शेवटची भेट उरली असताना बाबा गेले. किडनीने नाही, हृदयाने. दुपारी, खुर्चीत, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

काही आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. उरलेल्या गोळ्या आणि कॅन परत करावे लागतात, सवडीने आणून द्या म्हणाली. मग जरा घुटमळली.

"ताई, एक विचारू? बेकरीवाल्या काकांची पिशवी मास्तरांनी करायला घेतली होती. काही झाली होती का ती?"

"बघते. का?"

"ते अभ्यास सोडायचं म्हणतायत. पिशवी असती तर... नाही, असू दे. तुम्ही नका त्रास घेऊ."

मशीनवर मातकट रंगाचं जाड कापड तसंच पडलेलं होतं. त्यावर खडूच्या रेघा, आणि कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात 'बेकरी'. मी कात्री घेतली.

"तुला येणार आहे का?" आईने दारातून विचारलं.

"सरळ शिवण तर आहे."

"सरळच अवघड असते, असं ते म्हणायचे."

आई दारातून हलली नाही. मशीनचा आवाज थांबला तेव्हा ती आत जाऊन चहा घेऊन आली, आणि पिशवीकडे बघून "बरी झालीय," म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

अभ्यास-कक्ष म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकलेलं बाक, वजनाचा काटा, नमुने ठेवायचा फ्रिज आणि त्यावर 'यात डबे ठेवू नयेत' असा कागद. मी पोचले तेव्हा बेकरीवाले काका बाकावर बसलेले होते. माणूस थोराड, आणि भुवयांवर मैदा. समोरच्या टेबलावर त्यांचा उघडा, रिकामा कॅन.

"मला काढा यातून," ते सिस्टरला सांगत होते. "फोनही करू नका, रक्तही नको. बस झालं."

"एक भेट राहिलीय काका. एकच."

"आणि मागच्या वेळी? तुमच्या त्या मशीननं मला चोर ठरवलं."

"चोर कोण म्हणालं? रोज अंगातून क्रिएटिनिन साधारण ठरलेलंच बाहेर पडतं. कॅनमध्ये ते निम्मंच निघालं. म्हणजे लघवी निम्मीच आली, एवढंच कळलं आम्हाला."

"मग निम्मी भट्टीमागच्या संडासात गेली! मी पहाटेपासून दुकानात. हे ध्यान ठेवू कुठे मी? बिस्किटांच्या बरण्यांशेजारी? का केकच्या फ्रिजमध्ये? उद्या कोणी बघितलं, तर माझ्याकडचा पाव घेईल का कोणी?"

मी पुढे होऊन पिशवी त्यांच्या हातात दिली. "बाबांनी बेतून ठेवली होती. मी शिवलीय."

काकांनी दोन्ही हातांनी पिशवी उलटसुलट करून बघितली, 'मास्तरांची' असं पुटपुटले आणि तिच्यात कॅन घालू लागले. कॅन निम्म्यात अडकला. त्यांनी जोर लावला, सिस्टरने खालून पिशवी ओढली. अरुंद गळ्याच्या स्वेटरात डोकं अडकावं तसा कॅन तिथेच राहिला. बर्फाच्या पाकिटाचा तर प्रश्नच नव्हता.

"मास्तरांचं माप चुकलं?" काकांच्या आवाजात तक्रार नव्हती. जगात काही तरी फारच बिघडलंय, असा तो आवाज होता.

"त्यांचं नाही. माझं." काय झालं ते मला एव्हाना कळलं होतं. बाबा खडूची रेघ आखत ती शिवणीची. कापताना त्या रेघेबाहेर चांगली बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडत. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आणि कात्री हातात आल्यावर मी मात्र, रेघ दिसली तशी सरळ रेघेवरून चालवली होती, वर शिवणीत आणखी कापड खाल्लं होतं.

"जाऊ दे पोरी," काका उठले. "तू केलंस, तेच खूप झालं. सिस्टर, कुठे सही करायची तेवढं सांगा."

"काका, दोन मिनिटं बसा," मी म्हणाले. "सिस्टर, कात्री आहे?"

बाबांचा कॅन मी त्यांच्याच किरमिजी पिशवीतून आणला होता. तो काढून टेबलावर ठेवला आणि पिशवीची एक बाजू उसवायला घेतली.

"अगं, ती मास्तरांची!" काका म्हणाले.

"माप त्यांचंच पुरं करायचंय."

टाके बारीक होते आणि एकही सहज सुटायला तयार नव्हता. प्रत्येकाखाली कात्रीचं टोक घालून तो वेगळा उचलावा लागत होता. मी बराच वेळ मान वर केली नाही. चार बोटं रुंदीची पट्टी मोकळी झाली तेव्हा आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"काय चाललंय?"

"ऑपरेशन," सिस्टर म्हणाली. "पण सुईदोरा नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीकडे, कॅनकडे, काकांच्या भुवयांकडे बघितलं. मग कपाटातून विद्यार्थ्यांच्या सरावाचे, मुदत संपलेले टाक्यांचे दोरे काढले. सुया अर्धचंद्रासारख्या वाकड्या. मातकट पिशवीची बाजू उसवून आम्ही मध्ये किरमिजी पट्टी लावली. एक कड माझ्याकडे आली, दुसरी त्यांनी घेतली, चिमट्यात सुई धरून. त्या एक टाका घालत, त्याची गाठ मारत, दोरा कापत, मग पुढचा टाका.

"बाई," काका थोडा वेळ बघून म्हणाले, "या वेगानं माझी पुढच्या अभ्यासाची वेळ होईल."

"एक टाका सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. म्हणून असे घालायचे."

"बाबांनी हे बघितलं असतं ना..." मी म्हणाले.

"तर?"

"सगळं उसवायला लावलं असतं."

त्या हसल्या. तेवढ्यात मी विचारून घेतलं. "त्यांची शेवटची भेट राहिली. मग त्यांचं सगळंच वाया का?"

"वाया कसं?" त्यांनी सुई थांबवली. "ज्या दिवशी त्यांच्या वाट्याला दोनपैकी एक गोळी आली, त्या दिवसापासून ते मोजलेले आहेत. कोणी वारलं, कोणी गोळ्या घ्यायचं विसरलं, तरी त्या माणसाला त्याच्याच गटात धरून निकाल लावायचा असतो. गोळीनं खरंच किती फरक पडला, ते तेव्हाच कळतं. अडचण होते ती कोणी निघून गेलं आणि पुढचं काहीच बघू दिलं नाही, तर. ती जागा कोरी राहते. त्या जागी काय भरायचं, हे कोणालाच सांगता येत नाही."

हे बोलताना त्यांनी काकांकडे अजिबात बघितलं नाही. काका मात्र स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"म्हणजे मास्तर अजून आहेत यात?"

"आहेत."

"कुठल्या गोळीवर होते?"

"मलाही माहीत नाही. निकालाच्या वेळी कळेल."

"खऱ्याच गोळीवर. ते म्हणायचे ना, माझी कडू लागते, म्हणजे औषधच असणार."

"काका, दोन्ही कडूच केल्यात," सिस्टर म्हणाली.

सगळ्यांत आधी हसू आलं ते मला. बाबांनी गेली तीन वर्षं त्या कडूपणाचा केवढा अभिमान बाळगला होता.

पिशवी झाली. कॅन आत गेला, बर्फाचं पाकीट गेलं, नाडी ओढल्यावर तोंडही बंद झालं. पिशवी मातकट, कडेला किरमिजी पट्टी. पट्टीच्या एका बाजूला माझा वाकडा धावदोरा आणि दुसऱ्या बाजूला काळ्या गाठींची रांग. ऑपरेशन झालेली पिशवी.

काकांनी ती बराच वेळ न्याहाळली. मग सिस्टरला विचारलं, "कधी आणायची?"

भेटीच्या दिवशी सिस्टरने मला फोन लावला. "ताई, पूर्ण आलीय! थांबा, काकांनाच बोलायचंय."

"पोरी, थेंब चुकवला नाही," काका फोनवर बोलताना ओरडतात. "मैद्याच्या पोत्यामागे ठेवली होती. पण एक गंमत सांगतो. एक गिऱ्हाईक पाव घ्यायला आलं, त्याची नजर बरोबर तिच्यावर. म्हणालं, काय छान आहे हो, कुठून घेतलीत?"

"अरे देवा. मग?"

"मग काय? सांगितलं, आमच्या मास्तरांचं काम आहे. आता मिळत नाही."