भिंतीकडची बाजू

सुतार बाबांनी शिक्षिका लेकीसाठी अर्धवर्तुळाकार टेबल केलं. कडेची पट्टी गोल बाजूलाच संपली. एकशे चाळीस सेंटिमीटरची सरळ बाजू उघडीच राहिली.

"मास्तरीणबाई, परिमिती तुम्हीच काढलीत ना?"

"दोनशे वीस. बरोबरच आहे. तुम्हीच कापताना वाया घालवली असणार."

"असेल बाई! ती बाजू भिंतीला लावू. भिंत कुठं बोंबलतेय?"

दुसऱ्या सकाळी बाबा झोपेतच गेले.

महिन्याभराने टेबल सरकवताना उघड्या कडेचं कुसळ तिच्या बोटात घुसलं. तिने हिशेबाचा कागद शोधला. अर्ध्या परिघात व्यास मिळवलाच नव्हता. याच चुकीसाठी ती दरवर्षी अख्ख्या वर्गाला गाढव म्हणायची.

"बाबा," ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "गाढव मीच. व्यास मी खाल्ला."