परत पाठवलेली बोट

स्कारोय बेटावर त्या वर्षी दोनच घरांतून धूर निघत होता. एक दान्यालचं, दुसरं निक्लास आणि सुन्निवा या म्हाताऱ्या नवराबायकोचं. बाकीचे एकेक करून शहरात, तोर्शावनला निघून गेले होते. दान्याल पन्नाशीचा, बिनलग्नाचा. वसंतात त्याची आई वारली, तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण सुन्निवाकाकूंकडेच.

शरदात ती दोघं नातीच्या लग्नाला शहरात गेली आणि वादळाने तिकडेच अडकली. सुरुवातीला दान्याल मेंढ्यांशी बोलायचा. मग आईचं ताट मांडायला लागला. मग बोलणंच सरलं. शेवटी बोट लागली, काकूंनी "बरा आहेस ना?" विचारलं, तर घशातून नुसती खरखर बाहेर आली.

"अरे, बोकडासारखा काय करतोस!" निक्लासकाका खो खो हसले. दान्यालही हसला, पण पुन्हा असं एकटं राहायची वेळ आली तर, हा विचार काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

नाताळनंतर काकांचे पाय सुजले. चार पावलं टाकली की धाप लागे. त्यांची शहरातली लेक बेइन्ता वायरलेसवर रोज रडायची. अखेर काकूंनी बोचकी बांधली.

"तूही चल की," काका म्हणाले. "इथे काय मेंढीशी लग्न लावणार आहेस?"

"तिकडे मला कोण विचारतंय, काका?"

ते खोटं नव्हतं. तरुणपणी एक हिवाळा तो शहरातल्या मासळीच्या कारखान्यात काढून आला होता. भरलेल्या खानावळीत 'मीठ दे' यापलीकडे त्याच्याशी कुणी शब्द बोललं नव्हतं.

बेटाचा धक्का म्हणजे कातळात खोदलेल्या निसरड्या पायऱ्या. बोट लागेल की नाही, हे लाटा बघून सांगायचं काम दान्यालचं. त्याच्या शब्दावर बोट निघायची, नाहीतर बंदरातच राहायची.

निघायच्या सकाळी बोट चालवणाऱ्या मोर्तान तांडेलाचा आवाज वायरलेसवर आला. "काय दान्याल, कसा आहे धक्का?"

दान्यालनं खिडकीतून पाहिलं. लाट कातळावर चढत होती, पण मधेच समुद्र दम खात होता. तेवढ्यात दोन म्हातारी माणसं सहज उतरली असती.

"नको येऊस," तो म्हणाला. "पायऱ्या दिसतच नाहीत."

"इथून तर बरं वाटतंय रे."

"तिथून काय डोंबल दिसतंय तुला? इथे मी उभा आहे ना!"

"बरं बाबा. तुझं खरं."

काका कोट-टोपी घालून खुर्चीत तयार बसले होते. दान्यालनं निरोप सांगितला. उभा जन्म बोटीवर काढलेल्या त्या माणसानं कान दिला. "लाटांचा आवाज तर उतरलेला वाटतो."

"वारा उलटा आहे, म्हणून."

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं. तू म्हणतोस तर तसं."

दान्यालनं त्या दिवशी काकूंना कामाला हात म्हणून लावू दिला नाही. कोळसा आणला, बटाटे सोलले, वाळवलेल्या मटणाचे पातळ काप केले. मिटक्या मारत जेवला. पुढच्या बोटीला जातीलच की, असं मनाशी घोकत राहिला.

पुढची बोट आलीच नाही. समुद्र खरोखरच खवळला. मोर्तान रोज विचारायचा, दान्याल रोज खरं सांगायचा. काकांना आडवं होता येईना, उशांना टेकून बसल्या बसल्या ते श्वास ओढत. दान्याल वायरलेसवर गयावया करू लागला, "डॉक्टरला घेऊन ये, मी दोर टाकतो, पाण्यात उतरतो." मोर्तान निघाला, धक्क्यासमोर दोनदा बोट घातली, आणि माघारी फिरला.

दुपारी काकू दूध तापवायला गेल्या, तेव्हा काकांनी बोटानं त्याला जवळ बोलावलं.

"त्या दिवशी उतरता आलं असतं. होय ना?"

दान्यालनं खाली मान घातली.

"एवढं भ्यायलास होय रे?" काकांनी दम घेतला. "तिला सांग. पण बोट लागल्यावर. तोवर तुम्हा दोघांनाच राहायचंय इथे."

दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता ते गेले.

समुद्र निवळेपर्यंत दान्याल आणि काकू एका टेबलाशी जेवत होते. दान्यालनं फळ्या ठोकून काकांसाठी पेटी केली. काकू सारखं म्हणत, "तू होतास म्हणून निभावलं, बाबा." घास त्याच्या तोंडात फिरत राही.

बोट लागली. पेटी दोरांनी खाली सोडली. काकू शेवटच्या पायरीशी आल्या, तेव्हा दान्यालनं सांगून टाकलं. काहीही न वगळता.

बोट वर-खाली होत होती आणि पायरीवर धरायला दुसरं कुणाचंच मनगट नव्हतं.

"हात दे," त्या म्हणाल्या.

त्याचा हात धरून त्या बोटीत उतरल्या आणि पाठ करून बसल्या.

"येतोस का?" मोर्ताननं ओरडून विचारलं. दान्यालनं नकारार्थी मान हलवली. त्या बोटीत तो कुठे बसणार होता?

वसंत सुरू झाला तेव्हा वायरलेसवर उत्तर येईनासं झालं, म्हणून मोर्तान स्वतःच वर गेला. दान्याल थंडगार शेगडीशी बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर मेंढीचं कातडं. नाव सांगायलाही त्याला वेळ लागला. मोर्ताननं काही विचारलं नाही. दंडाला धरून त्याला बोटीत घातलं.

तोर्शावनच्या मासळीच्या कारखान्यात तो परत कामाला लागला. बेइन्ता रस्त्यात दिसली की तो गल्ली बदलायचा. सुन्निवाकाकू मात्र एकदा चर्चच्या दाराशी समोरासमोर आल्या.

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जेवतोस ना नीट?"

त्याला उत्तर जमेपर्यंत त्या लेकीचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्या होत्या.