शिवणीतला पांढरा दोरा

रंगाच्या पातेल्यात कापड टाकण्याआधी त्याचा एक धागा जाळून बघायचा, हा माझ्या दुकानाचा नियम. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळतं, त्याची काळी टणक गोळी होते, आणि माझा रंग त्यावर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गिऱ्हाईक शपथेवर सुती म्हणालं तरी मी काडी ओढतेच.

ताई चिमीचा सदरा घेऊन आली तेव्हाही ओढली. चिमी तिची एकुलती एक लेक. तापाचं निमित्त झालं आणि भरल्या घरातून गेली. भाऊजी शिंपी. पोरीची एकही वस्तू त्यांना डोळ्यांसमोर नको होती. कपडे, पुस्तकं, चपला, सगळं बांधून देऊन टाकलं. हा एक सदरा ताईने पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवला होता.

"गडद निळा कर," ती म्हणाली. "मी घालेन. त्यांना ओळखू येणार नाही. ओळखला, तर हाही जाईल गं."

पांढरा सदरा, चिमीने स्वतः शिवलेला. मापाचं गणित असं चुकलेलं की त्यात मायलेकी दोघी मावल्या असत्या. मी आतल्या काठाचा धागा काढून जाळला. कागदाचा वास, राख. खरं तर शिवणीतला दोराही तपासायचा असतो, एरवी मी तपासते. पण तिच्या हातचा टाका ओढायला माझा हात धजेना. कापड सुती, म्हणजे दोराही सुतीच असणार, अशी मीच माझी समजूत घातली.

सदरा पिळून दोरीवर टाकला आणि मला चूक दिसली. कापड शाईसारखं निळं झालं होतं आणि दोरा पांढराच्या पांढरा. पॉलिस्टर! पांढऱ्यावर पांढरी शिवण कुणाला दिसली नव्हती. आता चिमीचा एकूण एक वाकडा टाका उघडा पडला. कॉलरशी अडखळलेला, बाहीवर भलतीकडेच गेलेला, खिशाशी पुन्हा पुन्हा मागेपुढे केलेला. भाऊजींनी लांबूनच ओळखला असता. ताईने भरवसा टाकला तो माझ्यावर, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा.

सगळं उसवून निळ्या दोऱ्याने शिवायचं ठरवलं. ब्लेड कॉलरला लावणार तोच भाऊजी दारात. रंगवायला टाकलेलं अस्तर न्यायला आले होते. सदरा लपवायलाही वेळ मिळाला नाही.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. मी मनात म्हटलं, गेला हा.

"चिमीचा," ते म्हणाले.

"भाऊजी, ताईला काही बोलू नका. चूक माझी आहे."

त्यांचं लक्षच नव्हतं. बोट खिशाच्या शिवणीवरून फिरत होतं. "दोरा मीच दिला होता. ती सुती मागत होती. म्हटलं, सुती कुजतो, हा घे, जन्मभर तुटायचा नाही." सदरा उजेडाकडे धरून म्हणाले, "शिवून दाखवायला आली, तर मी धड बघितलंही नाही. म्हटलं, बाई, हे घालून दुकानावरून जाऊ नकोस, माझी गिऱ्हाइकं पळतील. हसली. पण घातला नाही कधी."

पोरीला नेतानाही न रडलेला माणूस माझ्या स्टुलावर बसून सदऱ्यात तोंड खुपसून रडला. कापड अजून दमट होतं. कच्चा निळा रंग त्यांच्या गालांना लागला आणि मलाही रडू आवरेना.

बऱ्याच वेळाने मी ब्लेड उचललं. "उसवून देते, भाऊजी. तुम्हाला दिसणार नाही."

"हात लावू नकोस." ते उठले, सदऱ्याची घडी घातली. "तुझ्या ताईला सांगतो, घाल. माझ्यासमोर घाल. मला अजून नीट बघायचाय."

अस्तर तिथेच विसरून ते गेले.