दुसरं टोक कोण धरणार?

मित्रांनो, मी एक जुना पोलादी टेप आहे. चामड्याच्या गोल डबीत राहतो. इलिनॉयमधल्या एका लहान गावात घरपट्टी ठरवण्यासाठी घरं मोजण्यात माझा जन्म गेला. माझे मालक ओरव्हिल स्टेनेरूड हे गावाने निवडून दिलेले करनिर्धारक. ते डबी धरत आणि त्यांची पत्नी लव्हॉन माझं दुसरं टोक धरे. पावसात भिजलो की ओरव्हिल मला आधी पुसत, मगच गुंडाळत. फार सुखाचे दिवस होते ते.

आमच्याकडे नुसतं निवडून येऊन भागत नाही. वर्गाला बसायचं, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र चालू ठेवायचं, तरच शपथ घेता येते. लव्हॉन अंथरुणाला खिळली तेव्हा ओरव्हिलनी वर्ग बुडवले. ती गेली आणि प्रमाणपत्राची मुदतही संपली.

मग पदाच्या उरलेल्या महिन्यांत शेजारची टेसा माझं टोक धरू लागली. ओरव्हिलनीच तिला परीक्षेला बसवलं. ती पास होऊन निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, आता मी चांगल्या हाती जाणार.

पण आमच्या गावात मतपत्रिकेवर नसलेलं नाव हाताने लिहिता येतं. चर्चमधल्या जेवणात गावातली डोरिस म्हणाली, "ओरव्हिल, आम्ही तुझंच नाव लिहिणार!"

"नको गं बाई. माझं प्रमाणपत्र संपलंय. टेसाला मत द्या."

"बघा, लाजला! केकसुद्धा तिसऱ्यांदा आग्रह केल्याशिवाय घेत नाही हा!"

सगळे हसले. आमच्याकडे पहिला नकार कुणी खरा धरतच नाही.

ओरव्हिल निवडून आले. टाळ्यांच्या गजरात लोकांनी त्यांना पुढे ढकललं आणि त्यांनी शपथेसाठी हात वर केला. कारकून बाई हळूच म्हणाली, "हात खाली घे, ओरव्हिल. प्रमाणपत्राशिवाय मला शपथ देता येत नाही रे."

मग गावकरी टेसाच्या दारी गेले. ती सामान बांधत होती. "तेव्हा मी नको होते ना? आता दुसरीकडे नोकरी धरलीय मी."

गावाला करनिर्धारकच उरला नाही, म्हणून आता शहरातला कुणी परका माणूस गाडीतूनच घरं बघून जातो. डोरिसचा गोठा कोसळलाय, तरी त्याच्या हिशेबी तो उभाच आहे, आणि ती त्याची पट्टी भरतेच आहे. मी खुंटीवर गंजतो आहे.

मित्रांनो, ओला टेप पुसल्याशिवाय गुंडाळू नका. आणि कुणी "नको" म्हटलं, तर ते पहिल्यांदाच ऐका.

काल ओरव्हिलनी मला स्वयंपाकघरात उलगडलं. टोक लव्हॉनच्या खुर्चीला अडकवलं आणि डबी धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मोजायचं काहीच नव्हतं.