पुण्याला गेलेला हात

मी एक जुना फॅक्स आहे. हसू नका मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्यांनी मला कधी पाहिलंही नसेल. माझ्यात कागद घातला की टेलिफोनच्या तारेवरून त्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या गावच्या माझ्या भाऊबंदाकडे उमटायची. अक्षर असो, सही असो नाहीतर चहाचा डाग असो, मी काही गाळत नसे आणि पदरचं काही घालत नसे. मला छाती नाही, तरी हे छाती ठोकून सांगतो.

काचेची एक पट्टी, छोटा दिवा, दोन रबरी रूळ आणि बटणांची रांग, एवढा माझा संसार. १९९५ साली खोक्यातून निघालो तो थेट बेल्ह्याला, पोपटलालशेठच्या एसटीडी बूथवर. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलतात अस्सल आपल्याकडचं. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी मला कुंकू लावलं, साखर वाटली. दर सोमवारी बैलबाजार भरला की व्यापाऱ्यांची माझ्यापुढे रांग लागे. लई गुणाचं मशीन आहे म्हणायचे. खरं तेच म्हणायचे.

खोट होती ती शेठच्या हाताला. माझ्यात कागद पालथा घालावा लागतो, लिहिलेली बाजू खाली. शेठ वाचत वाचत तो उताणाच सरकवायचे. मग पुण्याला कोरा कागद जायचा, तिकडून फोन यायचा आणि सुमतीबाई शांतपणे म्हणायच्या, अहो, पालथा. शेठची दुसरी सवय म्हणजे कागदाची कोरी पाठ वाया गेलेली त्यांना बघवत नसे. एका बाजूला लिहिलेला कागद कुणी फेकला तर ते उचलून, झटकून ठेवायचे. या दोन सवयी एके दिवशी एकत्र आल्या.

१९९९ चा फेब्रुवारी होता. लोणीचा संपत जवळच्या वाडीवर बहिणीकडे, साळुबाईकडे आला होता. रविवारी तिची शेळी डोंगरातल्या साळिंदरबिळात शिरली. ही चांगली पंचवीस-तीस हात आत गेलेली गुहा. संपत शेळीमागं आत गेला. शेळी बाहेर आली, संपत नाही आला. वरून दगड सरकला होता आणि त्याचा पाय खाली सापडला होता.

सोमवारी पुण्याहून दोर आणि पहारी घेऊन गिर्यारोहकांचं पथक आलं. त्यांच्या मागोमाग वार्ताहरही आले. गुहेच्या तोंडाशी पथकापेक्षा वार्ताहरच जास्त झाले. आतून काय ऐकू आलं, शेवटचं काय बोलला, बहीण किती रडली, सगळं टिपून चाललं होतं. साळुबाईला एकानं पुन्हा रडायला सांगितलं म्हणे, फोटो नीट आला नव्हता. ती चिडून त्याला डोंगर उतरायला लावणार होती, पण पथकवाल्यांनी मध्ये पडून मिटवलं.

बेल्ह्याचा वार्ताहर अमृत, शेतकरी घरातला, मनानं सरळ. पण त्याच्या पेपरचं पान सहाला लागायचं, म्हणून तो अशा वेळी दोन्ही बातम्या आधीच लिहून ठेवायचा. दुपारी दुकानात येऊन त्यानं ‘गुहेत अडकलेल्या तरुणाचा मृत्यू’ ही लिहिली. दुसऱ्या बातमीसाठी कागद मागितला, तर शेठ म्हणाले, पाठ कोरी आहे की. त्यानं पाठीवर लिहिलं, ‘तरुणाची सुखरूप सुटका’. कागद शेठकडे ठेवला, फोन करून सांगीन ती बाजू पाठवा म्हणाला आणि डोंगराकडे परतला.

चारच्या सुमारास गुहेतला आवाज बंद झाला. दुसऱ्या पेपरच्या वार्ताहरांनी मान हलवली, मोटारसायकली काढल्या आणि बातम्या धाडल्या. संपत मेला नव्हता. दोन दिवस ओरडून दमला होता आणि झोपला होता. सव्वापाचला पथकानं त्याला बाहेर काढलं. अमृतनं डोंगराखालच्या घरातून फोन केला, सुखरूप आहे, पाठवा. शेठनं डोळे पुसले, ‘सुखरूप सुटका’ पुन्हा एकदा वाचलं आणि कागद तसाच, उताणा, माझ्यात सरकवला.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. त्या काचेवरून संपतचा मृत्यू ओळीओळीनं जात होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. मला फक्त पाठवता येतं.

पाच मिनिटांत अमृतच्या पेपरच्या पुण्यातल्या साहेबांचा फोन आला. मृत्यूची बातमी छान लिहिली आहे, पहिल्या पानावर घेतो. शेठनं कागद काढून उलटून पाहिला. मशीननं घोळ केला म्हणाले असते तर मी काय करणार होतो? पण माणूस नेक. म्हणाले, “साहेब, माणूस जित्ता हाय. चूक माझी झाली, कागद उलटा गेला.” लगेच दुसरी बाजू पाठवली. साहेब आणखी वैतागले. एकच अक्षर, दोन बातम्या, बाकीचे सगळे मेला म्हणतात आणि एक दुकानदार म्हणतो जिवंत. सहाच्या आत कागदावर काहीतरी पुरावा पाठवा, नाहीतर मृत्यूच जाईल. अमृत तर डोंगराच्या वाटेवर गर्दीत अडकलेला.

तेवढ्यात संपतला दवाखान्यात नेणारी जीप बाजारातून येताना दिसली. सुमतीबाई, ज्या कधी दुकानाची पायरी उतरत नसत, त्या बैलांच्या गर्दीतून रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या. जीप थांबली. संपतला फोनवर बोलतं करावं तर वायर तिथवर पोचेना. संपतची बोटं सुजलेली, त्याला पेन धरवेना. सुमतीबाईंनी गल्ल्यावरचं शिक्क्याचं शाईपॅड आणलं, त्याचा पंजा त्यावर दाबला आणि मग कोऱ्या कागदावर. अनामिकेचं टोक पूर्वीच चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेलेलं, तिथं ठसा आखूड उमटला. खाली जीपमधल्या पथकप्रमुखानं ‘संपत जिवंत आहे’ असं लिहून सही केली.

शेठनं कागद पालथा घातला. मी आजवर हजारो कागद पाठवले, तसा तो हातही एक रेघ न गाळता पाठवला. सहाला आठ मिनिटं कमी होती.

पुढचं मला लोणीच्या बयाबाईंनी, संपतच्या आईनं, स्वतः दुकानात येऊन सांगितलं. तेव्हा स्वतःचा पाय मोडल्यामुळे त्या घरीच होत्या. रात्रीच त्यांचा पुतण्या धर्माजी सांगून गेला की संपत बरा आहे, दवाखान्यात आहे. बयाबाईंचा विश्वास बसेना. आपल्याकडे माणूस गेलं तरी म्हातारीला तसंच सांगतात ना, दवाखान्यात आहे, बरा आहे म्हणून. त्यांनी हंबरडा फोडला नाही, पण भाकरीला हात लावला नाही. सकाळी पारावर तीन पेपर आले. दोनांत संपतचा मृत्यू होता. शेजारणी येऊन बसल्या, मोठ्यानं रडू लागल्या.

धर्माजी तिसरा पेपर घेऊन धावत आला आणि वाचायला लागला. बयाबाई म्हणाल्या, वाचू नको, तुमचं वाचणं मला ठाव हाय. पेपर हातात घेतला. पहिल्या पानावर तो हात होता. त्या आखूड बोटावर त्यांनी आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

मग म्हणाल्या, “माझ्या संपतचा हात हाय ह्यो. भाकर आना गं, कालपास्नं उपाशी हाय मी.”

संपतचा पाय जरा लंगडतो, बाकी तो ठणठणीत आहे. अमृतनं त्यानंतर मरणाची बातमी कधी आगाऊ लिहिली नाही. माझं म्हणाल तर नवी यंत्रं आली आणि मी माळ्यावर गेलो. पाली अंगावरून फिरतात, वायर उंदरांनी खाल्ली. त्याचं मला फार दुःख नाही, माझं काम मी चोख केलं. पण जाता जाता एक मागणं आहे. आता तुमच्या हातात माझ्यापेक्षा शंभरपट चपळ यंत्रं आहेत आणि त्यांनाही माझ्यासारखंच फक्त पाठवता येतं. कुणाच्या मरणाची बातमी हाती आली तर ती पुढं सरकवण्याआधी क्षणभर थांबा, नीट विचारून घ्या. कुठल्यातरी घरी त्याची आई ताटावर बसलेली असेल, आणि तिनं अजून घास मोडलेला नसेल.