उंबऱ्याबाहेरची घंटा

अप्पाजीशेट घरात आले नाहीत. सुतकाच्या घरात ऐन दिवाळीत पाऊल कोण टाकणार? गल्लीत उभे राहूनच ते नारायणला पटवत होते. दुर्गदबैलच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या कापडदुकानात लक्ष्मीपूजनाची आरती बावीस वर्षं हे दोघे भाऊ वाजवत आले होते. नारायण पेटीवर, थोरला रामचंद्र पितळी घंटेवर. रामचंद्र सोमवारी गेला. आज बुधवार होता आणि पूजा शुक्रवारी.

शेटजी भटजींना विचारून तोडगा घेऊनच आले होते. नारायणने दुकानात यायचं नाही, बाहेर कट्ट्यावर बसायचं. पेटीऐवजी विजेवरचा कॅसिओ घ्यायचा. त्याचा स्पीकर आत ठेवायचा, वायर खिडकीतून न्यायची. विटाळ वायरमधून जात नाही, असं भटजींचं मत पडलं. सुतकात घंटेला हात लावता येत नाही, तेव्हा घंटाही कॅसिओतच काढायची. या भावांच्या घंटेनंच आपल्या दुकानाला बरकत आली, असा शेटजींचा पक्का समज होता. यंदा दुसऱ्यांना बोलावलं तर मग ती जागा त्यांचीच होईल, हेही त्यांनी जाता जाता सुचवलं. माणूस जाऊन तिसरा दिवस, आणि त्याच्या भावाकडे हे मागायला जीभ कशी रेटते, मला तरी कळत नाही.

नारायणने एकच गोष्ट मागितली.

"आरतीच्या आधी सगळ्यांसमोर अण्णाचं नाव घ्या. बावीस वर्षं घंटा वाजवली त्यानं."

"घेतो की," शेटजी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

नारायणला ते फार मोठं होतं. पेटीवाल्याचं नाव तरी लोक विचारतात, घंटेवाल्याचं कोण विचारतो? रामचंद्राने उभा जन्म छापखान्यात कागद कापण्यात घालवला आणि संध्याकाळी देवादिकांपुढे घंटा वाजवली. सणाची गडबड म्हणून त्याला पोचवायला अकरा माणसं आली होती. ती नारायणने मोजली होती आणि मोजल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला होता.

कॅसिओ दोघांनी मिळून मागच्या वर्षी घेतला होता, दुबईहून परतलेल्या एका ओळखीच्याकडून. त्यात घंटेचं बटण होतं, पण सूर निघायचा तो गुळमुळीत, वाढदिवसाला शोभेलसा. आरतीची घंटा आधी टणकन लागते आणि मग बराच वेळ गुणगुणत राहते. गुरुवारी दुपारी मागच्या खोलीचं दार लोटून, स्पीकरवर टॉवेल टाकून नारायण बसला. वरचा सा आणि त्याला खेटलेली काळी पट्टी एकदम दाबून पाहिली. खालचा सा हलकेच जोडला. तेव्हा कुठे पितळेची कुरकुर आली. घरात देव झाकलेले होते, समईसुद्धा नव्हती, आणि आपण घंटा वाजवतोय या विचाराने त्याची बोटं चोरासारखी चालत होती.

दार उघडलं. रामचंद्राची बायको मथुरा उभी होती. नारायणने हात मागे घेतला.

"भाऊजी, ते असं वाजवत नव्हते."

चुकलं, बंद करतो, असं काहीतरी तो पुटपुटला.

"बंद कशाला? दुसरा टोला मागं राहायचा त्यांचा. कागद कापून कापून मनगट गेलं होतं. तुमचा सरळ पडतोय."

तो रेंगाळणारा टोला म्हणजे अण्णाची खास ढब, असं नारायण बावीस वर्षं चारचौघांत कौतुकाने सांगत आला होता. शेजारी मांडी घालून बसणाऱ्या भावाचं मनगट दुखतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दुसरा टोला जरा थांबून दिला. मथुरा डोळे मिटून ऐकत राहिली, "हां" म्हणाली आणि आत गेली. मग तिचं रडणं ऐकू आलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती.

शुक्रवारी दिवेलागणीला तो कट्ट्यावर बसला. खिडकीच्या गजांतून त्याला नुसत्या पाठी दिसत होत्या. मंत्र झाले. शेटजी बोलायला उभे राहिले तसा नारायण पुढे सरकला. त्यांनी व्यापाऱ्यांचं स्वागत केलं, नव्या शाखेचं सांगितलं, लक्ष्मीची कृपा म्हणाले आणि आरतीला सुरुवात केली. नाव आलं नाही. शुभ दिवशी मेलेल्याचं नाव कोण घेतो?

हात उचलावा आणि आरती मुकी करून टाकावी, असं नारायणच्या मनात आलं. पण अण्णाची घंटा मध्येच कधी थांबली नव्हती. तो संतापाने आणि अगदी नीट वाजवत राहिला. प्रत्येक दुसरा टोला मागे राहत होता.

आरती संपली. शेटजींचे म्हातारे चुलते बाबाजी चौकट चाचपत दारात आले. त्यांना फारसं दिसत नसे. हातात प्रसादाचे दोन द्रोण होते.

"रामचंद्रा, आज लई छलो, झकास वाजीवलास रे," ते म्हणाले. "धरा, दोघांचा आहे."

त्यांच्या मागे शेटजी उभे होते. आज सांगायला नको, अशी मान हलवत त्यांनी नारायणला हात जोडले.

"काका, मी नारायण," तो आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "रामचंद्र सोमवारी वारला."

दुकानातली बोलणी थांबली. बाबाजींनी द्रोण तसेच पुढे धरले होते.

"मग घंटा कुणी वाजवली?" त्यांनी विचारलं.

नारायणने वायर गुंडाळायला घेतली. ती आत स्पीकरपाशी ताणून धरल्यासारखी झाली, मग कुणीतरी आतून सोडून दिली.